हिरेमठबाईंचा सुताचा पुंजका

हिरेमठबाईंच्या कमरेच्या चंचीत सुपारीबरोबर सुताचा एक पुंजका असायचा. पहिलीतलं पोर समोर आलं की तो पुंजका त्याच्या तळहातावर ठेवून, हात तोंडाशी नेऊन त्या म्हणायच्या, "म्हण, प." पुंजका जेमतेम हलायचा. "आता म्हण, फ." पुंजका उडायचा, पोर खिदळायचं आणि ती दोन अक्षरं त्याची होऊन जायची.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमची शाळा हातमागांच्या पेठेत होती. निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू, बाईंच्या घरी कन्नड. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि आपल्याला फार येतं अशी माझी समजूत होती. माझ्या वर्गात 'क कमळाचा' दणक्यात चालायचं. ते ऐकून बाई एकदा म्हणाल्या, "कमळ कुटं बघितलंय गं ह्यांनी? तोंड तर रोज हाय की जवळ. त्यातनं शिकव." मला राग आला. दिवाळी आली तरी त्यांचा वर्ग दहाबारा अक्षरांतच घुटमळत होता आणि माझी मुलं अख्खे धडे घडाघडा वाचत होती.

सगळ्यांत छान वाचायची पद्मा. ओळीवर बोट फिरवत, गोड आवाजात. तिचे वडील हातमागावर चादरी विणायचे. मी त्यांना कौतुकानं बोलावलं आणि तिचा धडा ऐकवला. ते खूश झाले. म्हणाले, "वाचाय आलं की मग. बास झाली शाळा. सोमवारपासनं घरी कांड्या भरंल." कांड्यांवर सूत भरायला बसलेली मुलगी आमच्या शाळेत परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बाई दारातच उभ्या होत्या. त्या आत आल्या, पद्माच्या हातातलं पुस्तक उलटं केलं आणि म्हणाल्या, "आता वाच, बाळ." पद्मानं उलट्या पुस्तकावर बोट फिरवत तोच धडा तितक्याच गोड आवाजात म्हटला. एक शब्दही अडला नाही.

"हिला पाठ हाय. वाचाय येत न्हाई," बाई वडिलांना शांतपणे म्हणाल्या. "चादर अर्धी विणून मागावरनं उतरवता का तुमी? वाचाय येईपातूर राहू द्या हिला." वडील मान डोलावून गेले आणि मी रडायला लागले. चारचौघांत माझी अब्रू गेली होती. बाई एवढंच म्हणाल्या, "पोरगी ऱ्हायली न्हवं? पूस डोळे."

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत पद्मा आणि मी, दोघीही बाईंपुढे बसू लागलो. आधी तळहातावर पुंजका, मग एकेक आवाज, मग आवाजाला आवाज जोडायचा. "घाई नको. पहिला तोंडात धरून ठेव, मग दुसऱ्याला हात दे." उन्हं तापायला लागली तोवर पद्मा फळ्यावरचे कधी न पाहिलेले शब्द वाचू लागली. हे कळलं की वडील तिला घरी नेणार, म्हणून त्यांना कळवायची माझी छाती होईना. बाईंनीही कळवलं नाही.

एका सकाळी वडील आपणच येऊन उभे राहिले. ते म्हणाले, "आमच्या म्हातारीची खोकल्याची बाटली हाय. तिच्यावरचं पोरीनं काल वाचलं. 'हलवून घ्या.' दोन महिने आमी न हलवताच देतोय, बाई." मग म्हणाले, "घरात अजून काय काय न वाचलेलं हाय कुणास ठाऊक. राहू द्या तिला शाळंत."

बाईंनी तोंड फिरवून सुपारी कातरायला घेतली. मी मात्र उघडउघड रडले.

पुढं बऱ्याच वर्षांनी, त्यांच्या शेवटच्या आजारात, मी त्यांना पेपर वाचून दाखवायला जायचे. त्यांना दिसत नव्हतं. एकदा वाचताना माझा आवाज कापला, तसा त्यांनी हात पुढे करून चाचपत पेपर धरला आणि उलटा केला.

"आता वाच."

डोळे भरून आले होते, त्यात पेपर उलटा; मला एक ओळ वाचता येईना.

"बरं हाय की," बाई म्हणाल्या. "बघून वाचत हुतीस."