वहिनीची जांभळी काच

माझ्या वहिनीला रक्त वाचता येतं. ऐकायला जादूटोणा वाटेल, पण तिचा पोटापाण्याचा उद्योगच तो. इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत ती वीस वर्षं काचेच्या पट्टीवर थेंबभर रक्त पसरते, त्याला जांभळा रंग चढवते आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. आत गेलं की बाहेरचे आवाज बंद होतात, म्हणते. जेवताना हाक मारली तरी कधीकधी ती तिथेच असायची. दादा म्हणायचा, लग्न लागलं खरं, पण अर्धी बायको काचेखालीच राहिली.

पेशी मोजणारं यंत्र आलं तेव्हा सगळे म्हणाले, आता डोळे कशाला फोडून घेतेस? हिचा हट्ट एकच, यंत्राला शंका आली तर ते रक्त माझ्या नजरेखालून गेलंच पाहिजे.

मग साथ आली. रस्ते इतके ओस पडले, की खिडकीत उभं राहिलं तर आपण दुसऱ्याच कुणाच्या झोपेत शिरलोय असं वाटायचं. वहिनीला सूक्ष्मदर्शकापुढून उठवलं, पांढऱ्या पोशाखात गुंडाळलं आणि लोकांच्या घशातले नमुने घ्यायला उभं केलं. ताप म्हटला की साथ, दुसरं काही सुचायचंच नाही, आम्हाला नाही आणि तिलाही नाही.

त्यातच दादाला ताप आला. तिने घरीच घशात काडी फिरवून नमुना नेला. साथ नव्हती. चार दिवसांनी पुन्हा नेला, तरी नव्हती. दादा मागच्या खोलीत एकटा, पडद्यातून झिरपणाऱ्या पिवळ्या उजेडात पडून असायचा. दाराबाहेरून विचारलं की म्हणायचा, पलंग हळूहळू वाहत चाललाय, छान वाटतंय. पाण्याचा पेला घ्यायला त्याने हात पुढे केला, तेव्हा मनगटावर निळे डाग दिसले.

वहिनी म्हणाली, याला घेऊन जाते, रक्त बघते. साथीच्या भीतीने आईला वरच्या खोलीत ठेवलं होतं; मी दारात आडवी उभी राहिले. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही. तिथे सगळं गाव खोकतंय, नसलेला रोग त्याला चिकटवायचाय का, असं वाट्टेल ते बोलले. ती दमलेली होती, तिने माझं ऐकलं. घरात सुई नव्हती का? होती. पण त्या दिवसांत तिचा हात आपोआप काडीकडेच जायचा. तिसरा नमुनाही तिने घशातलाच घेतला.

आणखी आठवडा गेला. एका सकाळी दादाच्या उशीवर हिरड्यांतलं रक्त दिसलं. मला न विचारता तिने त्याचं बोट टोचलं, काचेवर थेंब पसरला आणि चालत निघून गेली. तासाभराने फोन आला. रक्ताचा कर्करोग, झपाट्याने वाढणारा. "सगळ्या कच्च्या पेशी गं," ती म्हणाली. "मोठ्या, जांभळ्या. किती सुंदर दिसताहेत." आणि रडायला लागली.

खाट मिळायला दोन दिवस लागले. उपचारांच्या नवव्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन दादा गेला. लवकर आणलं असतं तर आशा होती, असं डॉक्टर आईसमोरच बोलले.

घरी आल्यावर आईने वहिनीला विचारलं, आयुष्यभर लोकांचं रक्त बघितलंस, घरातलं दिसलं नाही? वहिनी म्हणाली, "चुकलं माझं, आई." मी शेजारीच उभी होते. आईने तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

वर्षभराने मी वहिनीला म्हटलं, आज आईला सगळं सांगते, तुला कोणी अडवलं ते. तिने ओले हात पुसले.

"नको. माझ्यावर रागावून दिवस काढताहेत त्या. तुझ्यावरही रागावल्या, तर हाक कुणाला मारतील?"

तेवढ्यात आतून आईची हाक आली, मलाच. मी गेले.