पुढचं उजवं चाक

आधी बाबांचं सांगतो, मग गाडीचं. बाबा म्हणजे माझ्या मालकांचे गाडीवान. गावापासून कोसभरावर तांडा आहे, तिथं राहतात. त्यांच्या वडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला, बाबांनी जन्मभर कापसाच्या गाड्या हाकल्या. मोटारीत ते एकदाही बसलेले नाहीत. तरी मी आज या जिल्ह्यात ड्रायव्हर म्हणून पोट भरतो आहे, ते त्यांच्यामुळे.

मी मूळचा समुद्राकाठचा. शाळा पाचवीत सुटली. मालट्रकवर क्लीनर म्हणून चढलो, पुढं हात बसला, लायसन मिळालं, आणि कुणाच्या तरी शब्दावर उमरखेडच्या अलीकडे या गावी येऊन उतरलो. महाराष्ट्र तेव्हा नुकताच एक झाला होता. माझं आणि गावाचं मराठी एक व्हायला मात्र आणखी वर्ष गेलं.

मालकांची शेती कापसाची आणि तुरीची. गाडी ते स्वतः चालवत. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि गाडी कापसाच्या कोठ्यात गेली. दोन पावसाळे ती तिथं पोत्यांखाली उभी होती. ऑपरेशन झालं, नजर परत आली, पण चाकामागं बसायचा धीर आला नाही. म्हणून मी. “महिनाभर पाहतो,” मालक म्हणाले. “दसऱ्यानंतर रस्ता वाळला की लेकीले आनायचं हाय दिग्रसहून, बाळंतपनाले. तवर गाडी ठीक पाहिजे. नाई झाली तर तू आपल्या समुद्राकडं मोकळा.”

आठ दिवस मी त्या गाडीशी झटलो. बॅटरी भरून आणली, इंजिनावरचं उंदरांचं घरटं काढलं, कार्बोरेटर धुतला, ब्रेक पाहिले, टायरांत हवा भरली. नवव्या दिवशी मालकांनी ओसरीवरून विचारलं, “चाकं खोलली का?”

“खोलली,” मी म्हणालो. “चारही. धुऊन ग्रीस भरलं.”

खोलली नव्हती. ब्रेक पाहिले म्हणजे पायाखाली लागतात एवढंच पाहिलं होतं. आतला नट सोडवायचा मोठा पाना माझ्याकडं नव्हता, आणि मागितला तर ‘हा कसला ड्रायव्हर, हत्यारंही नाहीत’ असं म्हणतील, ही भीती. भीतीनं माणूस किती सहज बोलून जातो! त्याच दिवशी घरी कार्डही टाकलं, नोकरी पक्की झाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी मालक मागं बसले आणि आम्ही महागावच्या रस्त्यानं निघालो. मैलभर ठीक गेलं. मग पुढून आवाज यायला लागला. घर्र, घर्र, मध्येच कट्, पुन्हा घर्र.

“काय वाजून राह्यलं रे?”

“टायर, मालक. एका जागी उभं राहून चपटं झालंय. तापलं की बंद होईल.”

असं होतं, हे खोटं नव्हतं. पण टायर तापलं आणि आवाज वाढला. मालकांनी गाडी परत वळवायला सांगितली. घरी परतल्यावर एवढंच म्हणाले, “लेक सातव्या महिन्यात हाय. असं वाजनाऱ्या गाडीत म्या तिले बसवत नाई. परवा सांजेपर्यंत पाहा.”

मी कोठ्यासमोर गाडी घेऊन बसलो. टायरच्या खाचांतले खडे काढले. चाकांवरच्या चकत्या काढून हलवून पाहिल्या. बाबा बैलांना पाणी दाखवून आले आणि चाकापाशी उकिडवे बसले.

“काहून तोंड पाडलं, ड्रायव्हर?”

“आवाज कुठला ते कळत नाही, बाबा.”

“गाडीले इचारलं का?”

मला राग आला. पण बाबा थट्टेत म्हणत नव्हते. म्हणाले, “चाल, मले आयकव. मी बाजूनं चालतो.”

“आत बसा की.”

“आत बसून चाक आयकू येते काय? बैलगाडीचं चाक पायी चालनाऱ्याले आयकू येते, वर बसलेल्याले नाई.”

गावाबाहेरच्या उतारावर मी इंजिन बंद करून गाडी सोडली. बाबा काठी घेऊन सोबत चालत होते. इंजिन गप्प, तरी घर्र चालूच. म्हणजे खोट चाकांकडे, एवढं पक्कं झालं. मग मोकळ्या रानात त्यांनी मला गोल फिरवलं. उजवीकडे वळलो तर आवाज दबला. डावीकडे वळलो तर वाढला.

“थांबव. हे पुढचं, उजवं,” बाबांनी काठी टेकवली. “डावीकडं वळते तवा सारं ओझं याच्यावर येते. ज्याच्यावर ओझं, ते रडते. कापसाच्या गाडीचंबी असंच.”

चार वर्षं ट्रकवर काढून मला हे सुचलं नव्हतं.

जॅक लावून चाक उचललं. हातानं फिरवलं तर जात्यात खडा अडकावा तसं लागत होतं. बाबांनी काठीचं एक टोक कण्याजवळ धरलं आणि दुसरं कानाशी. मग काठी माझ्या कानाला लावली. आत काहीतरी चरचरत होतं. तांड्याजवळच्या लोहाराकडून त्यांनीच पाना आणला. मी आतली पत्र्याची वाटी उपसली, आणि हातात काळा, चिकट, वाळत आलेला गोळा आला. ग्रीस असं नसतं. मी वास घेतला. एरंडीचं तेल.

बाबांनी त्यात बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं आणि नाकाशी नेलं.

तेवढ्यात मालक आले. “हे काय भरलं रे चाकात? ग्रीस म्हनते याले तुमच्याकडं?”

भरलंच नाही म्हणावं तर थाप उघडी पडते. भरलं म्हणावं तर चाकाचा सत्यानाश माझ्या माथी. दोन्हीकडून एसटीचं तिकीटच.

“मालक,” बाबा उठून उभे राहिले, “ते ओंगन हाय. म्या टाकलतं.”

“तुमी? कवा?”

“गाडी कोठ्यात लावली तवा. बैलगाडी पावसाळ्यात उभी करतो तर कन्याले ओंगन घालतो का नाई? एरंडीचं तेल अन् चिंध्यायची काजळी. म्हटलं, एवढी मोठी गाडी, अन् तिले कोनी इचारत नाई. विळ्याच्या टोकानं झाकन काढलं. हे एक निघालं. बाकी तीन निघाले नाई, नाईतर त्यायलेबी घातलं असतं.”

म्हणजे एकच चाक रडत होतं ते यामुळे. बाबा गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं त्या घरचं खात होते, त्यांना गमावण्यासारखं जास्त होतं. ते तिथं तसे उभे असताना मला आपल्या थापेवर बसून राहवेना.

“मालक, मी चाकं खोललीच नव्हती,” मी म्हणालो. “खोटं बोललो. पाना नव्हता.”

मालकांनी आधी बाबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग म्हणाले, “बाबानं ओंगन घातलं, यानं थापा घातल्या. अन् मी मधात लेक बसवून राह्यलो.” मग माझ्याकडं वळून, हळू आवाजात, “ओंगन रॉकेलनं धुतलं जाते. तुयं काय करू?”

मी हातातला पाना खाली ठेवला.

“धनी, पोरगं घाबरलतं,” बाबा म्हणाले. “घाबरलेला बैलबी वाकडाच चालते. त्याले इकून टाकता काय?”

“बैल खोटं बोलत नाई, बाबा.”

“बोलता येत नाई म्हनून.”

मालकांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. “चारही चाकं खोल. माझ्यासमोर. म्या खुर्ची टाकून बसतो.”

खुर्ची टाकून ते खरंच बसले. चारही चाकं धुतली. उजव्यातल्या बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडले होते. ते काही धुऊन जाणारं नव्हतं. नवं बेअरिंग यवतमाळहून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर मागवलं. परवाची सांज टळली, त्याबद्दल मालकांनी शब्द काढला नाही. लेकीला आणायला गेलो तेव्हा येताना ती मागं झोपून गेली. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला कुणी दिलेलं नाही.

घरी टाकलेलं कार्ड अशा रीतीनं खरं ठरलं.

बाबा आता थकलेत. परवा तांड्यावर गेलो होतो तर बोलता बोलता म्हणाले की त्यांचा जन्म पैनगंगेकाठच्या एका तळावर झाला, वडिलांचे बैल तिथं उतरत. एक चिंच होती म्हणे. त्यानंतर पुन्हा जाणं झालं नाही, बैलगाडीनं दोन दिवसांची वाट. मी म्हटलं, मोटारीनं दुपारपर्यंत पोचू. तर म्हणाले, “मालकाची गाडी, मायासाठी कायले?”

मालकांकडं काही मागायचं म्हटलं की मी अजून आधी गाडी दोनदा पुसून काढतो. पण या दसऱ्यानंतर रस्ता वाळला की एक दिवसासाठी गाडी मागणार आहे. आदल्या दिवशी चारही चाकं खोलून पाहीन, आणि बाबांना पुढं, माझ्या शेजारी बसवून त्या चिंचेपर्यंत नेईन. हा शब्द मी त्यांना दिलेला नाही, ते नको म्हणतील. इथं लिहून ठेवतो.