बलकाभोवतीचं हिरवं कडं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ऐकून ती माझ्याकडे कशी बघेल, ते मला नेमकं ठाऊक आहे — म्हणूनच नाही.

मी निघोज्याजवळच्या एका कंपनीच्या कँटीनचा सुपरवायझर होतो. अन्नतपासणीचा डिप्लोमा, गळ्यात ओळखपत्र, तोंडात उठताबसता स्वच्छता. असल्या माणसांची मला आता शिसारी येते. स्वयंपाकाला शोभाताई होत्या, लातूरकडच्या. वयानं माझ्याहून मोठ्या, तरी मला साहेब म्हणायच्या. आणि मी — म्हणू द्यायचो.

त्या सकाळी अंड्यांचे ट्रे आले तेव्हा मी मोबाइलमध्ये तोंड घालून बसलो होतो. न बघताच सही ठोकली. तासाभरानं शोभाताई पातेलं घेऊन समोर उभ्या. भुर्जीसाठी फोडलेल्या अंड्यांतलं पांढरं गुलाबी पडलं होतं.

"साहेब, हे लाल कशानं झालंय? वास बी येतोय."

कशानं ते मला माहीत नव्हतं? परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते की! पांढरं गुलाबी झालं म्हणजे अंडं नासलं; सरळ फेकायचं. पण फेकलं असतं तर माल घेतला कुणी, हे विचारलं गेलं असतं. मी म्हणालो, "कोंबडीच्या खाण्यानं होतं तसं. हळद जरा जास्त घाला. आणि आटपा, जेवणाची सुट्टी होईल आता."

त्यांनी ऐकलं. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकणारच ना? घाईत भुर्जी ओलसरच उतरवली.

संध्याकाळपर्यंत लाइनवरची माणसं ओकत होती. दोघांना सलाइन लावावं लागलं. मॅनेजर नाकाला रुमाल लावून कँटीनमध्ये आला — आयुष्यात चहासुद्धा न उकळलेला माणूस, त्याला फक्त एक नाव हवं होतं. ओट्यावर दुपारची उकडलेली अंडी उरली होती. मी एक चिरलं. बलकाभोवती हिरवट कडं होतं. अंडं जास्त वेळ उकडलं की ते येतं. त्यानं कुणाला काही होत नाही. हेही मला माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर चिरलं.

"बघा सर," मी म्हणालो, "ह्या बाई असलं हिरवं अन्न लोकांना खायला घालतात."

मॅनेजर दोन पावलं मागं सरला, गाढव. शोभाताई म्हणाल्या, "पण साहेब, ते लाल —"

"लालचं सांगू नका. हे हिरवं दिसतंय ना?"

शोभाताई अंड्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं भांडतील, शिव्या देतील. त्यांनी चक्क हात जोडले. "चुकलं माझं," म्हणाल्या. त्यांना ते पटलं होतं — कळतंय का तुम्हाला? त्याच दिवशी त्यांना काढलं. जाताना आजारी माणसांच्या खोल्यांवर जाऊन त्या माफी मागून आल्या, असं नंतर कानावर आलं. मला तेव्हा काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं.

आता मी दुसऱ्या कंपनीत वरच्या जागेवर आहे. खराब अंडं कसं ओळखायचं, ते नव्या लोकांना शिकवतो. टाळ्यासुद्धा घेतो, निर्लज्जासारख्या.

मागच्या महिन्यात चाकणच्या भाजीबाजारात शोभाताई भेटल्या. लोकांची धुणीभांडी करतात. स्वयंपाकाचं काम त्यांनी पुन्हा धरलंच नाही. माझी विचारपूस केली. मग म्हणाल्या, "लेक अंडं मागती कधी कधी. पर मी घरात आणतच नाही, साहेब. माझ्या हातानं पुन्हा कुणाला काही व्हायला नको."

एक वाक्य पुरलं असतं. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. नोकरी जाणार नव्हती. भीती कसलीच नव्हती.

मी म्हणालो, "बरोबर करताय, ताई."