एल्वाच्या स्वयंपाकघरातला दिवा

ॲडलेडकडच्या आमच्या मूंटा गावात क्लाइव्ह पास्कोएवढा हट्टी माणूस दुसरा नाही, हे मी, त्याचा जुना मित्र, त्याच्या तोंडावरही सांगतो. पाणीखात्यात पंप दुरुस्त करता करता निवृत्त झाला, पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सोल्डरिंगचा धूर खाणं काही सुटलं नाही.

हा नाद लागला बायकोमुळे. एल्वाला लहानपणी गोवर आला आणि तिला ऐकू येणं बंद झालं. मुलगी टॅमसिन जन्मली तेव्हा क्लाइव्हला एकच घोर. पोर रडली तर आईला कळणार कसं? म्हणून त्यानं एका चिपवर चालणारी पेटी रचली. पोर रडली की स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकायचा. त्या काळी चिपच्या पाठीवर काचेची खिडकी असे. जांभळ्या दिव्याखाली धरली की आतला प्रोग्राम पुसला जाई, मग नवा लिहायचा. तो उन्हानं आपोआप पुसला जाऊ नये म्हणून खिडकीवर चिकटपट्टी लावायची असते. ती लावायला हा विसरला आणि पेटी ठेवली आमच्याकडच्या जानेवारीच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या, उन्हात. पंधरा दिवसांत चिप कोरी!

पुढं दाराची घंटा, फोन, धुराची सूचना, सगळं त्याच दिव्याला जोडलं गेलं. वीसेक वर्षांनी नुसती संगणकाला वायर लावून प्रोग्राम लिहिता येणारे बोर्ड आले. "पोरासोरांची खेळणी!" क्लाइव्ह म्हणाला आणि महिन्याभरात पाच मागवली. मी ते त्याला कधी विसरू दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. ॲडलेडला दोन आठवडे मुक्काम. नेमका निघायच्या आदल्या आठवड्यात दिव्याचा जुना बोर्ड मेला. टॅमसिननं बजावलं, "दिवा चालत नसेल तर आईला मी पर्थला माझ्या घरी नेणार." एल्वा म्हणाली, "मी माझ्या घरातून हलणार नाही."

तसले बोर्ड आता मिळेनात. क्लाइव्हनं लांबून फोनवरूनही चालवता येणारे तीन नवे, बोटाएवढे बोर्ड आणले आणि जुन्या घंटेची वायर सरळ पहिल्याला जोडली. फट्! दुसऱ्याला जोडली. पुन्हा धूर.

"भिकार माल!" तो माझ्यावरच ओरडला.

एल्वा गरम पेस्टीची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंजीची, ताटली घेऊन आली. पाकिटातला कागद उचलून तिनं वाचला.

"हा वाचलास?"

"पस्तीस वर्षं हेच करतोय, कागद कशाला वाचू?"

"तुझी घंटा पाच व्होल्ट देते. या बिचाऱ्याला सव्वातीनच्या वर फारसं सोसत नाही."

क्लाइव्ह मटकन स्टुलावर बसला. "अगं, मी परत नाही आलो तर तुला दार वाजलेलं कोण सांगणार?"

"सरक तिकडे," एल्वा म्हणाली आणि तिनं सोल्डरिंगची कांडी हातात घेतली.

व्होल्ट कमी करायला घंटा आणि उरलेला तिसरा बोर्ड यांच्यामध्ये दोन रेझिस्टर घालायचे होते. तो सांगणार, ती करणार. पण त्याचे ओठ वाचायचे तर तिला दर वेळी कांडी बाजूला धरून त्याच्या तोंडाकडे बघावं लागे. एरवी पुटपुटणारा आमचा क्लाइव्ह त्या दिवशी एकेक शब्द सावकाश बोलत होता. दहा मिनिटांचं काम, तास लागला. मला तिथून उठावंसं वाटेना. शेवटी मी जाऊन घंटा वाजवली आणि दिवा लुकलुकला.

ऑपरेशनच्या दिवशी मी एल्वापाशी बसलो होतो. दुपारी टॅमसिनचा हॉस्पिटलमधून निरोप आला: ऑपरेशन झालं, बाबा अजून शुद्धीवर नाहीत. दोन तास गेले. चहा गार झाला. मग दिवा लुकलुकला. मी धावत जाऊन दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं.

"एल्वा, बिघडला वाटतं गं!"

ती दिव्याखाली उभी होती, गाल ओले.

"दाराला तीनदा लुकलुकतो. हा पाचदा लुकलुकला. त्यानं तिथून आपल्या फोनवरून दिवा लावला तर पाचदा, असं मी ठरवून ठेवलंय," ती म्हणाली. "दार लाव. जागा झालाय माझा क्लाइव्ह."