बॉलिंगवरचा खर्च

इंग्लंडमधल्या कॉलेज क्रिकेटचं अर्थकारण पुरतं समजलेला एकच माणूस मला भेटला, आणि त्यानं जन्मात कधी बॅट हातात धरली नव्हती. आमच्या क्लबचे खजिनदार. ईलिंगच्या आमच्या कॉलेजात ते केमिस्ट्री लॅबमध्ये टेक्निशियन होते. मी त्यांना काका म्हणायचो, म्हणून अख्खी टीम, गोरी पोरंसुद्धा, काकाच म्हणायची. साधा चेक लिहायला त्यांना वीस मिनिटं लागत. सही करण्याआधी ते पेनाची रिफिल उजेडात धरून शाई पुरेल ना ते बघत. पावती मिळाली नाही तर स्वतः पावती लिहून समोरच्याची सही घेत. एकदा पार्किंगच्या मीटरसाठी ट्रॅफिक वॉर्डनची घेऊन आले.

मॅचच्या मधल्या चहाला घरच्या टीमनं पाहुण्यांना खाऊ घालायचं, ही तिकडची रीत. बाकीची कॉलेजं काकडीचं सँडविच पुढे करून मोकळी होत. आमच्याकडे काकूंचे बटाटेवडे असत, आणि काका ते स्वतः वाढत. वाढत म्हणजे आग्रह करत. "वन मोअर. माय वाइफ विल फील बॅड," एवढ्या वाक्यावर त्यांनी सहा सहा फुटी फास्ट बॉलर आडवे केले. टॉस जिंकला की आमच्या कॅप्टननं आधी फिल्डिंगच घ्यायची, अशी त्यांची सक्त ताकीद होती. चहानंतर बॉलिंग पाहुण्यांची. तिसऱ्या ओव्हरला ते कमरेवर हात ठेवून उभे. वहीत बटाटे, बेसन, तेल यांच्यासमोर काका लिहीत : 'बॉलिंगवरचा खर्च'. मला ती म्हातारपणाची चूक वाटायची.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या आठ कॉलेजांच्या लीगमधली चार श्रीमंत कॉलेजं फुटली. साउथहॅम्प्टन, केंब्रिजकडची दोन-चार मोठी नावं घेऊन सुपर लीग काढायची, पैसा एक बिअर कंपनी देणार, टेबलात जो जितका वर तितका त्याचा वाटा मोठा. आम्ही घरच्या मैदानावर वर्षभर हरलो नव्हतो, म्हणून आम्हालाही बोलावणं आलं. आम्ही गेलो की मागे उरणार तीन, आणि तिघांची लीग चालत नाही. शेजारचं टीचर्स ट्रेनिंग कॉलेज तर आमच्याच मॅचेसवर जगत होतं. मी पेटलो. पँफ्लेट काढलं : 'क्रिकेट विकलं! कोणी? कोणाला?' काकांनी ते लाल पेन घेऊन वाचलं.

"अरे, अन्याय पाच वेळा लिहिलायस. डिझेल एकदाही नाही."

"काका, हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"असू दे की. पण साउथहॅम्प्टनपर्यंत बसचं भाडं कोण देणार? शिवाय तिथे सगळीकडे चहाचं खाणं बिअर कंपनीचा केटरर देणार. मग आपण जिंकणार कसे?"

"बॉलिंगवर."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "तुझ्या?"

वहीतली ती नोंद मला तेव्हा कळली. "मग मीटिंगमध्ये हेच सांगा ना! एक जण जायचं नाव काढणार नाही."

"छे. आपण जिंकलो असं वाटतंय रे पोरांना," काका म्हणाले.

मीटिंगमध्ये ते फक्त भाड्यावर बोलले. विरोधात दोन हात वर झाले, एक त्यांचा आणि एक माझा.

पुढचे दोन उन्हाळे सांगण्यासारखं काही नाही. केटररचं सँडविच खाऊन समोरचे बॉलर ताजेतवाने उठत आणि आम्हाला उखडून टाकत. तळाच्या टीमचा वाटा बसभाड्यालाही पुरेना. मग कंपनीनं हात झटकले, सुपर लीग मिटली. जुनी आधीच मिटली होती. ती मोडणाऱ्यांपैकी कोणी साधं सॉरीही म्हटलं नाही.

काकांनी ट्रेनिंग कॉलेजला पत्र टाकलं : शनिवारी या. लीग नाही, पॉइंट्स नाहीत, चहा आहे. तिथल्या मुलांना दोन वर्षं धड मॅच मिळाली नव्हती. नऊच जण आले, एकाच्या पायात चक्क टेनिसचे बूट. काका आमच्या कॅप्टनला म्हणाले, "आज आधी बॅटिंग घे हं." चहाला त्यांनी पाहुण्यांपुढे काकडीचं सँडविच ठेवलं आणि वड्यांचा डबा घेऊन आमच्याकडे वळले.

"घे रे, अजून एक. काकूला वाईट वाटेल."

मी पाच खाल्ले. तिसऱ्या ओव्हरला मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. पाहुणे जिंकले, एकमेकांच्या अंगावर उड्या मारत मैदानभर धावले, टेनिसच्या बुटांसकट.

ते गेल्यावर काका पॅव्हेलियनच्या पायरीवर वही उघडून बसले. बटाटे, बेसन, तेल. मी खांद्यावरून डोकावलो. समोर लिहिलं होतं : 'परतफेड'. मग रिफिल उजेडात धरून त्यांनी शाई बघितली, आणि खाली सही केली.