वारसाचा रकाना

चिंचोटी नाक्यावर माझं गाडीविम्याचं छोटं दुकान आहे. एकच ट्रक असलेला एक मालक-ड्रायव्हर तिथे दरवर्षी येतो, कारण विमा नसला की परमिटही अडतं. खुर्ची ओढून तो ट्रक दिसेल असाच बसतो. "गाडी म्हातारी होते नि हप्ता तरना होतो, ह्यो कुठला न्याय, ताई?" हे त्याचं ठरलेलं. नवा कागद तो आधी स्टेअरिंगला टेकवतो, मग कपाळाला.

यंदा फॉर्ममध्ये मालकाच्या अपघातविम्याचा वारस भरताना मी विचारलं, "तुम्हाला काही झालं तर पैसे कोणाला? आईच ना?"

"आई गेली." तो ट्रककडे बघत राहिला. "तुमचंच नाव टाका, ताई."

मी पेन खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. तो ओशाळून म्हणाला,

"नाव काय तुमचं?"