ऑटोक्लेव्हची पिवळी ज्योत

बर्नर तिसऱ्यांदा विझला. आधी ज्योत पिवळी पडली, मग कच्चं रॉकेल पिचकारीसारखं उडालं आणि नुसता धूर उरला. दारात डॉक्टर सिद्दिकी उभे होते. कोपरापर्यंत धुतलेले हात त्यांनी छातीसमोर धरले होते, कशाला लागू नयेत म्हणून.

"बोला इन्चार्जसाहेब, होणार का नाही?"

"बघतो," मी म्हणालो.

येडशीला आमच्या कापसाच्या जिनिंगच्या मालकांनी छोटा धर्मादाय दवाखाना काढला होता. मी जिनिंगचा इंजिन-इन्चार्ज. दवाखान्यातलं काही बिघडलं की मलाच बोलावणं यायचं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला. हैदराबादेत बी.एस्सी. केली, फिजिक्स उर्दूतून शिकलो आणि तरी इंजिनाखाली पाठीवर झोपायची लाज कधी वाटली नाही. सांगायचं एवढंच, की काम मला येत होतं. तरी पुढचं घडलं.

आत टेबलावर येरमाळ्याचा दत्तू होता. तरणा गडी, अंतर्गळ अडकलेला. म्हणजे आतड्याला फास बसतो, त्याचं रक्त तुटतं आणि ते काळं पडत जातं. वेळेत कापून मोकळं केलं तर माणूस जगतो. बार्शीच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं, तर तिकडची आगगाडी सकाळीच निघून गेली होती.

हत्यारं चुलीवर उकळून तयार होती. अडलं होतं कापडापाशी. जखमेवर घालायच्या पट्ट्या आणि चादरी ऑटोक्लेव्हमधून काढाव्या लागतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे झाकण आवळून बंद करायचा तांब्याचा पिंप. आत कोंडलेल्या वाफेनं जंतू मरतात आणि कापड कोरडं निघतं. पिंपाखाली लाकडं घालावीत, तर बुडाशी पाणी दाखवणारी काचेची नळी. ती तडकली की वाफ कोंडणार कशात?

"उकळलेल्या कापडावर भागणार नाही?" मी विचारलं.

"मागच्या महिन्यात रॉकेल नव्हतं, तेव्हा भागवलं होतं," डॉक्टर म्हणाले. "जखम सडली. बाई गेली. अजून थोडा वेळ थांबतो, मग अल्ला मालिक."

या बर्नरची रीत अशी. टाकीत पंप मारला की रॉकेल वर चढतं. वरची वेटोळी नळी आधी स्पिरिट जाळून तापवायची. तापल्या नळीत रॉकेलचा गॅस होतो, निपलच्या बारीक भोकातून सुटतो, जाता जाता हवा ओढतो आणि निळा जळतो. मग तीच ज्योत नळीला तापती ठेवते. यातलं एक काही चुकलं की बर्नर विझतो.

यंत्र मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसर शिवलिंगप्पांच्या ताब्यात असायचं. पन्नाशीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, माणूस चोख.

"शेवटचं नीट कधी पेटलं?" मी विचारलं.

"दसऱ्याच्या आधी. लई झ्याक पेटलं व्हतं."

"मधे कुणी हात लावला?"

"कुणीबी न्हाय, साहेब. माझ्याबिगर कोण लावतंय? अन् म्या बी न्हाय लावला."

लढाईचे दिवस होते. रॉकेलात पाणी निघणं रोजचंच, म्हणून आधी तेलावर संशय धरला. टाकी उपसली, तेल फडक्यातून गाळलं, बाटलीत धरून उजेडाला पाहिलं. पाणी नव्हतं. निपल काढून पिन घातली. भोक साफ. पंपाचं चामडी वायसर पाहिलं, दाब टिकत होता, काटा खाली येत नव्हता. वेटोळी नळी तोंडानं फुंकली, वारा आरपार गेला. सगळं परत जोडलं आणि स्पिरिट ओतून पेटवलं.

पिवळी ज्योत. पिचकारी. धूर.

दत्तूची आई दारातून डोकावली. "पेटलं का व साहेब?"

"पेटतंय, मावशी."

"शेणकुटं आणू का कुठनं? वाळलेली असली की चटकन धरतेत."

आत दत्तूचं कण्हणं थांबलं होतं. डॉक्टर आत जाऊन आले.

"दर्द कमी झाला म्हणतो," ते म्हणाले. आईनं हात जोडून वर पाहिलं. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. आतडं मेलं की दुखणं थांबतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मी ते त्यांच्या तोंडावर वाचलं.

तेल येतंय, दाब आहे, वाट मोकळी आहे. मग राहिली हवा. बर्नरच्या गळ्याशी भोकांचं एक कडं असतं. ते फिरवलं की हवा कमीजास्त होते. मी पान्ह्यानं फिरवलं. हलेना. वर काजळीचा थर होता. खिळ्यानं खरवडलं, तर खालून केशरी रंग निघाला.

"शिवलिंगप्पा, हे काय?"

"शेंदूर. खंडेनवमीची पूजा केली की, साहेब! जवसाच्या तेलात कालवून चांगला जाड लावला. लढाईपायी रंग मिळंना, लोखंड गंजाय लागलं. देवीचं बी झालं, गंजाचं बी झालं."

"मघाशी तर हात लावला नाही म्हणालात?"

"पूजा केली, साहेब. हात कुठं लावला?"

ते खोटं बोलत नव्हते. माझी आई रोज चुलीला हळदकुंकू वाहायची. चुलीला कुणी हात लावला का असं विचारलं असतं, तर तीही नाहीच म्हणाली असती.

जवसाच्या तेलातला शेंदूर फिटर लोक पाइपाच्या जोडात भरतात. वाळला की थेंब गळत नाही. इथं त्यानं हवेची भोकं बुजवली होती आणि चार वेळच्या आचेनं तो भाजून निघाला होता. एकेक भोक टोकरून मोकळं केलं. पेटवलं. बर्नर घुमला, ज्योत निळी झाली.

पण वाफेला घाई करता येत नाही. काटा वर चढेपर्यंत आम्ही नुसते उभे होतो. शिवलिंगप्पा भिंतीकडं तोंड करून.

कापड निघालं. डॉक्टर आत गेले आणि फार लवकर बाहेर आले.

"सगळं काळं आहे," ते म्हणाले. "शिवून घेतलं."

दिवस मावळायच्या आत दत्तू गेला. बैलगाडी जुंपली तेव्हा त्याची आई माझ्यापाशी आली. "तुमी पेटिवलं, साहेब. लई केलं तुमी." तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला. मला मागं सरायचंही सुचलं नाही.

पुढच्या खंडेनवमीच्या आधी मी बर्नर काढून जिनिंगच्या कपाटात ठेवला. शिवलिंगप्पांनी नुसत्या पिंपाला लांबून हात जोडले.

आता नव्या मेकॅनिकला मी दोनच गोष्टी सांगतो. ज्योत पिवळी असली की आधी हवा बघ, तेल मागनं. आणि यंत्राला कुणी हात लावला असं विचारू नको, दसरा कसा केला ते विचार. एवढं कळायला आम्हाला येरमाळ्याचा एक गडी लागला.